पाण्याची पाळी

सकाळी आठच्या ठोक्याला इन्साफ बरण्या गोळा करायची. नाईलच्या मुखाजवळच्या त्या गावात, कॅन्सर हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या वॉर्डात ती एकवीस वर्षं नर्स होती. प्रत्येक खाटेखाली तीन लिटरची बरणी असायची, वर पेशंटचं नाव लिहिलेली पट्टी. चोवीस तासांची सगळी लघवी त्यात साठवायची. त्यावरून किडनी किती काम करते याचा आकडा निघतो. साठच्या वर आला तर तगडं औषध मिळतं. ते कॅन्सरला मारतं आणि किडनीलाही मारतं, म्हणून साठच्या खाली असला तर हलक्या औषधावर भागवायचं.

हा साठचा आकडा वॉर्डातल्या झाडूवाल्यालाही पाठ होता. त्यामुळे एखाद्याची बायको, नाहीतर भाऊ, गुपचूप आपली भर बरणीत घालायचा. इन्साफच्या नजरेतून ते सुटायचं नाही.

"काय हाजी, पेल्याभर चहा प्यालात आणि बरणी काठोकाठ? आत नळ बसवलाय का?" असं तिनं म्हटलं की अख्खा वॉर्ड हसायचा आणि बरणी मोरीत ओतली जायची.

दसूकी आला तो भातलावणीच्या दिवसांत. सहासष्ट वर्षांचा शेतकरी, हाडापेराने दांडगा. लहानपणापासून कालव्याच्या पाण्यात उभा राहून काम केलेलं, त्या पाण्यातल्या किड्यांनी मूत्राशय पोखरलं आणि तिथूनच कॅन्सर यकृतात गेला होता. एक किडनी सुजून निकामी झालेली, दुसरी कशीबशी चालत होती. पहिल्या बरणीचा आकडा आला अडतीस.

"हलकं औषध देऊ," डॉक्टर वाईल म्हणाले.

"बायकी औषध मला देतोस? मला?" दसूकीनं समोरची शिजवलेल्या घेवड्याची थाळी उचलली आणि बायकोच्या, नईमाच्या तोंडावर फेकली. कड लागून तिचं कपाळ फुटलं. "हिनंच सांडली असणार बरणी! रांड एक काम धड करत नाही!"

इन्साफनं नईमाला बाजूला नेऊन पाच टाके घातले. टाक्यांची सवय असलेली बाई होती ती.

"याचा धाकटा भाऊ असता ना सिस्टर, त्यानं दिली असती बरणीभर," ती म्हणाली. "रिज्क. दयाळू होता हो. पंचविशीत होता. चौतीस वर्षं झाली, लिबियाला गेला म्हणतात. एक चिठ्ठी नाही."

"म्हणजे भर घालायचाच बेत होता तुमचा?"

"सगळेच घालतात," नईमा म्हणाली.

दोन दिवसांनी दुसरी बरणी उचलली तेव्हा ती गळ्यापर्यंत भरलेली होती. दसूकीची लघवी नेहमी लालसर आणि गढूळ असायची, ही स्वच्छ होती. वर एक वास होता. उन्हाळ्यात कालव्यातला गाळ उपसतात तेव्हा गावभर पसरतो तसा. इन्साफनं नईमाकडे डोळे वटारून पाहिलं, पण ओतून न टाकता मुद्दाम तपासायला पाठवली. चोरी या वेळी कागदावर पकडायची होती तिला.

दुपारी लॅबमधला तपासनीस उस्ताद मकरम स्वतः जिने चढून वर आला.

"हा दसूकी कोण? वय काय त्याचं?"

"सहासष्ट."

"थट्टा करू नकोस. आकडा चौऱ्याण्णव आलाय. पंचविशीतल्या गड्याची किडनी आहे ही." त्यानं आवाज उतरवला. "आणि त्यात किड्याची अंडी आहेत, इन्साफ. जिवंत. माझ्या डोळ्यांसमोर फुटून पोहायला लागली. असली अंडी मी वीस वर्षांत पाहिली नाहीत. कुठून आणलीस?"

इन्साफ सरळ डॉक्टरांकडे गेली. पेशंटला नळी घाला, पिशवी लावा, मी पुन्हा मोजते, म्हणाली. नईमाला तिनं घरी पाठवून दिलं. पिशवीच्या तोंडाला चिकटपट्टी गुंडाळून त्यावर स्वतःची सही केली आणि दिवसभर खुर्ची सोडली नाही. दसूकी दिवसभरात दोन पेले चहा प्याला. पिशवी तिच्या डोळ्यांदेखत भरत होती. रात्रपाळीच्या नर्सला तिनं राखणीला बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आली तेव्हा सही जिथल्या तिथे होती.

आकडा पुन्हा चौऱ्याण्णव.

"पिशवी खोटं बोलत नाही, सिस्टर," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तगड्या औषधावर सही केली. इन्साफनं दसूकीला फक्त एवढंच सांगितलं, साठच्या वर गेलात. तो खूश झाला. शेजारच्या खाटांवरच्यांना ओरडून सांगू लागला, बघा रे, अजून पाणी आहे माझ्यात.

गुरुवारी नऊ वाजता सलाईन सुरू झालं. या औषधाबरोबर लिटरच्या लिटर पाणी द्यावं लागतं आणि दर तासाला पिशवी बघावी लागते, किडनीनं ते बाहेर टाकलंच पाहिजे. इन्साफनं जाड हातमोजे घातले. हे औषध कातडीला लागलं तर भाजतं.

दहा वाजता पिशवी कोरडी होती. अकराला कोरडी. तिनं फोन केला, डॉक्टर म्हणाले, कालचा आकडा चांगलाय, पाणी वाढव. तिनं वाढवलं. पाऊण तासानं दसूकीचे पाय सुजले होते आणि श्वास घेताना छातीत घरघर होत होती. नईमा परत येऊन पायथ्याशी बसली होती.

"कालव्याचा वास येतोय," दसूकी म्हणाला. "खिडकी लाव."

"खिडकी बंदच आहे, हाजी."

त्यानं खिडकीकडे पाहिलं. मग खाटेला टांगलेल्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला.

"सिस्टर, आकडा किती आला होता माझा?"

"तुम्हाला काय करायचंय? साठच्या वर होता."

"किती?"

"चौऱ्याण्णव."

दसूकीनं तिचा गळा धरला. एवढ्या आजारी माणसाच्या बोटांत इतकी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"कुणी सांगितलं तुला? हिनं? हिला माहीत नाही! कुणालाच माहीत नाही!"

नईमा त्याचा हात सोडवायला धावली. त्यानं तिला लाथ घातली, ती भिंतीवर आदळून खाली बसली.

"त्याची पाळी होती पाण्याची," तो घरघरत म्हणाला. "मी बांध फोडून माझ्याकडे वळवलं. रिज्क भांडायला आला. फावडं घातलं डोक्यात, ते कवटीत रुतलं, ओढूनही निघेना. पाण्यात पडला तरी मेला नाही. हात वर करत होता. मग मानेवर पाय दिला. बुडबुडे मोजले मी. चौऱ्याण्णव."

नईमानं दोन्ही हात तोंडावर दाबले.

इन्साफला राग आला. एकवीस वर्षांत कुठल्या पेशंटचा आला नव्हता इतका. याला बुडू दे, असं तिच्या मनात स्पष्ट आलं.

"ते माझं पाणी नव्हतं," दसूकी म्हणाला. "बंद कर. पाया पडतो, बंद कर ते."

ती नर्स होती. गळ्यावर त्याची बोटं असतानाच तिनं हात लांबवला, सलाईनचं चाक अंगठ्यानं खाली ढकललं. पार तळापर्यंत. ते घट्ट बसल्याचं तिला जाणवलं.

थेंब पडतच राहिले.

तिनं पुन्हा ढकललं. थेंबांची धार झाली.

दसूकीची बोटं सुटली. तोंडातून पाणी आलं, आधी फेसाळ, मग लाल, मग नुसतंच पाणी. छातीवरून गादीत, गादीतून फरशीवर. तो दोन्ही हात वर करत होता. मान मात्र उशीत खाली खाली जात होती, वर कुणाचाही हात नसताना.

बारा वाजून वीस मिनिटांनी तो शांत झाला. ओठाला शेवाळाचा हिरवा धागा चिकटला होता.

डॉक्टर वाईल धावत आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले. "किडनी बंद पडली. सगळं सलाईन फुफ्फुसात भरलं," ते म्हणाले. मग वर सलाईनकडे बघून थांबले. "सिस्टर, चाक का बंद केलं नाहीस?"

"केलं होतं, डॉक्टर."

त्यांनी चाक दाखवलं. ते पूर्ण उघडं होतं.

नईमा उठली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. इन्साफजवळ येऊन तिनं हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला, जसा फार वर्षांनी भेटलेल्या ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवतात, आणि बाहेर निघून गेली.

इन्साफ मोरीपाशी गेली. नळ सोडला, हातमोजे काढले. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली काळा, ओला गाळ होता. तिनं हातमोजा उजेडाकडे धरून उलटासुलटा पाहिला, मग त्यात पाणी भरून पाहिलं. तो कुठेही फाटलेला नव्हता.