दव न पडलेली दोन पावलं

दोन्ही ठसे दहा इंच लांब होते. मधलं अंतर एक फूट दोन इंच.

इंद्रायणीनं तिसऱ्यांदा पट्टी लावली. फरक नव्हता.

हे घडलं तसंच सांगितलंय, पदरचं एक अक्षर नाही. १९५७ सालचा मार्गशीर्ष. रविवारची सकाळ. चिंचवडचं ग्रामपंचायतीचं फुटबॉल मैदान. गोलपुढची सगळी माती दवानं काळपट झाली होती...

फक्त दोन पावलांएवढी जागा कोरडी.

इंद्रायणी शाळेत विज्ञान शिकवायची. वर आडोसा असला की खाली दव पडत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं वर पाहिलं.

नुसतं आभाळ.

गावचा फुटबॉल क्लब म्हणजे तिच्या वडिलांचा, उद्धवरावांचा जीव. मागच्या मार्गशीर्षात ऐन मॅचमध्ये गोलकीपर ज्योतीरामला निरोप आला होता, चिखलीला आईचं काही खरं नाही. सायकलवर टांग टाकताना तो म्हणाला, "येतो, काका."

"ये. तुजी जागा धरून ठिवतो," उद्धवराव म्हणाले.

वाटेत ट्रकनं त्याला उडवलं. तो जागीच गेला.

तेव्हापासून तीन गोलकीपर सोडून गेले. आज चार वाजता मॅच. गोलमध्ये कुणी उभं राहिलं नाही, तर क्लबचं नाव लीगमधून कटणार होतं.

साडेतीनला, सराव अर्धवट टाकून, नवा गोलकीपर भिमाजी गोलमधून तरातरा बाहेर आला.

"आमी न्हाई उभं ऱ्हानार. हितं आदीच कुनीतरी हाय. कोपरानं बाजूला सारतंय."

"भावा, सरावातच पाच गोल खाल्ले की कुणालाही भूत दिसतं," फॉरवर्ड मालोजी हसला.

"मंग तू ऱ्हा की उभा!"

मालोजी खाली वाकून बांधलेलीच नाडी पुन्हा बांधू लागला.

इंद्रायणी वडिलांकडे वळली. "बाबा, तो 'येतो' म्हणाला, तुम्ही 'ये' म्हणालात. आता त्याला 'जा' म्हणा."

"येड लागलं का, इंदे? 'जा' म्हनत्यात व्हय कुनाला? बघू."

"वर्षभर नुसतं बघूच चाललंय!"

तिला पट्टी मोडून फेकावीशी वाटली.

पंचांनी शिटी वाजवली.

आणि रिकाम्या गोलमधून आवाज आला...

टप्. टप्.

तळहातांचा. मॅच सुरू होताना ज्योतीराम अशाच दोन टाळ्या वाजवायचा.

मालोजीचं हसू मावळलं.

इंद्रायणी गोलपाशी गेली. उन्हानं माती वाळून पांढरी पडली होती. सकाळी जिथं कोरडे ठसे होते, तिथं आता...

दोन ओली पावलं.

तिनं पट्टी लावली. दहा इंच.

याचा उलगडा तिला कधीच झाला नाही. पुढं कित्येक वर्षं, दव पडलं की ती आधी खाली पाहायची.

उद्धवराव तिच्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी टोपी काढली. 

"ज्योतीराम," ते म्हणाले, "तुजी जागा दिली रं दुसऱ्याला. जा आता, लेकरा."