आत्याचं वाक्य

"आत्या बोलताना अडखळली तर तिचं वाक्य तू पुरं करू नकोस. तिचं तिला करू दे."

कानाला हेडफोन लावताना यामिनी बोरस्तेला आईचा हा आवाज रोज आठवे. अडचण एवढीच, की ही आई तिची नव्हती. तिला आत्याही नव्हती.

नाशिकच्या अंबडमधल्या त्या कंपनीत जगभरातल्या शाखांची बिलं, पगार, तक्रारी एकाच छपराखाली निस्तरल्या जात. काम वाढलं तशी चारशे नवी मुलं घेतली, तीही सिन्नर-इगतपुरीकडची, फोनवर बोलायला बिचकणारी. त्यांना शिकवत बसले नाहीत, कलम केलं. रोपावर जातिवंत आंब्याची फांदी बांधतात, तशी एकाच्या मेंदूत मुरलेली सवय दुसऱ्याच्या मेंदूत रुजवायची. फांदी कंपनीतल्याच जुन्या सुनंदाताई टिळ्यांची. कितीही तापलेला माणूस त्यांच्याशी बोलून निवत असे. आणि देवानं डोक्यावरून हात फिरवावा तशी ही पोरं महिन्याभरात ऐकायला शिकली. यामिनीच्या घरात पहिल्यांदाच पगार आला.

पण गुरुवार आला की तिचा जीव कासावीस होई. कुठंतरी जायचं राहून गेलंय, असं वाटत राही.

कलमाचा शोध लावणाऱ्या डॉ. इनामदारांनी उलगडा केला. सुनंदाताईंची आत्या पंचवटीत राहते. अर्धांगवायूनंतर तिला एकेक शब्द शोधावा लागतो. दर गुरुवारी तिच्यापाशी बसेन, असं वचन ताईंनी आईला शेवटच्या घडीला दिलं होतं. ऐकण्याची सवय मुरली ती त्या नेमातच. आता कंपनीनं ताईंना परदेशातली नवी शाखा उभी करायला पाठवलं होतं, आणि आत्याला फोनवर बोलता येत नाही.

"पण वचन मी कुठं दिलं होतं, सर?"

"नाही दिलंत. म्हणाल तर पुसून टाकतो. पण मग ऐकणंही जाईल. दोघांचं मूळ एकच आहे."

म्हणजे नोकरीही. डॉक्टर पुढं काही बोलू पाहत होते, थांबले. यामिनी वाट बघत राहिली.

"आधी तुम्हाला विचारायला हवं होतं," ते अखेर म्हणाले.

कलम पुसून घ्यायला ती गेली नाही. गुरुवारी सुटल्यावर फाटकाबाहेरच्या गाडीवर तिनं मऊ, पिकलेली केळी मागितली. आत्याला तेवढीच गिळता येतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

केळीवाला हसला. "आज सगळ्या कंपनीचे दात पडले की काय, ताई? मऊ केळी मघाशीच संपली."

यामिनीनं वर पाहिलं. पंचवटीच्या बसची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. रांगेत सगळी तिच्याबरोबर लागलेलीच मुलं होती. प्रत्येकाच्या हातात केळी होती.

ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.