पाचवी कळी

बस अशी, दिव्याच्या या बाजूला. वीज इतक्यात यायची नाही. मघाशी चहा टाकताना मी स्वयंपाकघरातून विचारलं, आई कशी आहे, तर म्हणालीस, "कुणाची?" मावशीची फिरकी घेण्याची तुझी खोड काही जात नाही. काल फोनवर तर रडवेली झाली होतीस. आई तुला का ओळखत नाही, मला बहीणच नाही असं का म्हणते, उद्या आले की सांगच, म्हणालीस. मग ऐक. आतल्या खोलीला कुलूप का, तेही त्यातच येईल.

पुष्पप्रदर्शनात माझं काम ठरलेलं असायचं. कुणी बिननावाचं संकरित ऑर्किड आणलं, की त्याचे आईबाप कोण ते मी सांगायचे. बाळाला बघायला गेलेल्या बायका नाक कुणाचं, कपाळ कुणाचं ठरवतात ना, अगदी तसं. यात मला हरवणारं कुणी नव्हतं, आणि तो तोरा मी लपवतही नसे. ताई, म्हणजे तुझी आई, त्या वर्षी सोबत आली होती. मला सर्दीने बेजार केलं होतं, नाक पार चोंदलेलं. ताई म्हणाली, तू शिंकत बस, फुलांचे वास मी घेते.

ताईच्या वरच्या ओठाशी डाव्या बाजूला तो चंद्रकोरीसारखा भाजल्याचा डाग होता, आठवतो? मी रांगत असताना तापलेली इस्त्री माझ्यावर पडणार होती. ताई मध्ये आली. ती हसली की डाग दुमडायचा, आणि मला दर वेळी बरं वाटायचं. तशी खुणांच्या बाबतीत आपल्या घरात श्रीमंतीच. तुझ्या भुवईतली चीर घे. सायकलवरून पडलीस तेव्हा ताई तुला उचलून अनवाणी दवाखान्यापर्यंत धावली होती.

तर, सभागृहाच्या टोकाला, जिथे ट्यूबलाइट सारखी फडफडत होती, तिथे शेवटच्या टेबलावर ते रोप होतं. पाठीमागे राखाडी शाल घेतलेली एक बाई बसलेली. एकच लांब दांडी, तीन फुलं उमललेली, वर दोन कळ्या. काय रूप होतं म्हणून सांगू! जांभळट पाकळ्या, काठाला मेणासारखी चमक. ऑर्किडच्या खालच्या मोठ्या पाकळीला आम्ही ओठ म्हणतो. तो झालरीचा होता. मी भिंग काढलं. झालर बापाकडून, उष्ण जंगलातल्या जातीची. पानांवरचे ठिपके आईकडून, थंड डोंगरातल्या. चुटकीसरशी सांगून मोकळी झाले.

पण भिंग बाजूला करवेना. एका दांडीवरची फुलं एकसारखीच असतात गं. इथे एकाच्या ओठावर तिळाएवढा काळा ठिपका होता. दुसऱ्याच्या ओठावर टाके घातल्यासारखी रेघ. तिसऱ्याचा काठ दुभंगलेला. मी त्या बाईला विचारलं, हे असं कसं?

ती हळूच म्हणाली, "आईबाप तुम्ही बरोबर ओळखलेत. बाकीचं ज्याचं त्याचं आहे."

मग ताईकडे वळून म्हणाली, "तुम्ही वास घ्या ना... जवळून."

ताई वाकली. डोळे मिटले. किती वेळ तशीच राहिली. म्हणाली, आपल्या जुन्या घरासारखा वास येतोय, इस्त्रीच्या गरम कपड्यांचा. मीही नाक खुपसलं, पण मला कुठला वास यायला!

आम्ही जेवून आलो. ताई दाराशी बाकावर टेकली आणि मी रोपाला नावाची चिठ्ठी लावायला गेले. चौथी कळी उमलली होती. ऑर्किडची कळी अशी जेवण होईतो उमलत नाही, तिला दिवस लागतात. ओठावर, डाव्या बाजूला, तपकिरी चंद्रकोर.

मी चिठ्ठी तिथेच टाकली. धावत दाराशी गेले. ताई तिथेच होती, येणाऱ्याजाणाऱ्यांना बघत. तिचा ओठ नितळ होता. डागाचा मागमूस नाही.

मी म्हटलं, "ताई... तुझा डाग?"

तिने माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं, अगदी मायेने.

"तुम्ही कुणाला शोधताय का? हरवलंय का कुणी?"

तिला सगळं आठवत होतं. तुझे बाबा, तू, गॅस बंद केलाय की नाही हेसुद्धा. फक्त मी नव्हते; डागाबरोबर मीही पुसली गेले होते. मी इस्त्रीचं सांगितलं तर म्हणाली, मला बहीण नाही हो. तेव्हा मी मोडले बाळा, भरल्या सभागृहात मोठ्याने रडले.

मी परत टेबलाशी गेले आणि त्या चौथ्या फुलाच्या देठाला हात घातला. शालवाली बाई शांतपणे म्हणाली, "खुशाल तोडा. पण तोडलेलं फूल सुकतं... मग त्या बाईंचं काय, ते मला विचारू नका."

मी हात मागे घेतला. हातापाया पडून ते रोप घरी आणलं. तेच आतल्या खोलीत आहे. चौथं फूल अजून टवटवीत आहे आणि पाचवी कळी मिटलेली. मी सोडून तिथे कुणी जात नाही. मला भीती नाही, त्या सर्दीनंतर माझं नाक कायमचंच गेलं. दूध करपलं तरी कळत नाही.

काय म्हणालीस? मघाचा छान वास त्या खोलीतूनच येतोय का?

हो, दारात पाऊल टाकल्या टाकल्या तू वासाचं काहीतरी म्हणाली होतीस. मला वाटलं, चहाचा. पण दाराखालची फट तर मी कधीच कापड कोंबून बुजवली आहे. किल्ली माझ्या कमरेला आहे.

दिवा जरा वर धर. अजून वर.

तुझी भुवई... तू आलीस तेव्हा होती चीर. दार उघडताना मी स्वतः पाहिली.

हसू नकोस. माझ्याकडे बघून सांग. आई कशी आहे?

"कुणाची, मावशी?"