पुरं बोलू द्या तिले

दीपकची आणि संजीवनीची पहिली भेट झाली ती चपलांवरून.

मलकापूरहून इन्व्हर्टर बसवायला आलेला हा पोरगा, खांद्यावर वायरचं वेटोळं घेऊन अमडापुरात हिंमतरावांच्या घरात थेट शिरला आणि आतल्या खोलीतून एक नितळ, शहरी आवाज आला, "चपला बाहेर काढा."

"काढतो ताई, काढतो!"

पुण्याची कोणी पाहुणी दिसते, असं मनाशी म्हणत तो अनवाणी आत डोकावला. पाहुणी नव्हतीच. खिडकीपाशी उशांना टेकवून बसवलेली एक मुलगी होती, तिच्यासमोर संगणकासारखा एक पडदा, आणि पडद्याच्या वरून त्याच्याकडे चक्क हसत बघणारे दोन काळेभोर डोळे...

डोळे पडद्यावर फिरू लागले. एका अक्षरावर थांबले, मग दुसऱ्यावर. दीपक वायर सावरत उभाच राहिला. बऱ्याच वेळानं तोच आवाज म्हणाला, "ताई म्हणू नको मले."

वऱ्हाडी बोली आणि पुणेरी गळा! दीपकला हसू आवरेना. मुलीच्या घशातूनही एक बारीकसा 'हं' आला. तेच तिचं हसू होतं.

मेंदूतली एक शीर तुंबली आणि संजीवनीचं भरल्या ज्वारीसारखं अंग एका रात्रीत थिजलं होतं. हात गेले, पाय गेले, आवाज गेला. डोळे तेवढे राहिले. बुलढाण्याहून वाचा-उपचार करणाऱ्या अनुपमा मॅडम येत, तिच्याकडून श्वासाचे, ओठांचे व्यायाम करून घेत. तो 'हं' त्यांच्याच मेहनतीचा. हे यंत्रही त्यांनीच आणवलेलं. अक्षरावर नजर रोखली की ते पडद्यावर उमटे, आणि वाक्य संपलं की संजीवनी डोळे गच्च मिटे. मग यंत्र बोले. 'चपला बाहेर काढा'सारखी रोजची वाक्यं तेवढी त्यात आधीच भरून ठेवलेली होती.

पण तेवढा दम घरात कुणाला? 'पा' उमटलं की आई, रुख्मिणी, पाणी आणायला धावे. पोरीला बिचारीला पाऊस बघायचा असे. सगळे मायेनंच तिचे शब्द पुरे करत. त्या मायेत संजीवनीची निम्मी वाक्यं मनातल्या मनात मरून जात.

दीपक पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही.

"काऊन आला?"

"बॅटरीचं पाणी पाहाले."

"बॅटरी तिकडे हाये." डोळे जरा थांबले, मग पुन्हा फिरू लागले. "तू इकडे काय पाहून राह्यला?"

दीपकचे कान लाल झाले. रुख्मिणीकाकूंबरोबर तो बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत बसला होता. हातातली जुडी उलटीच बांधली गेली. खोलीभर मेथीचा ओला वास होता, खिडकीतून हिवाळ्याचं मऊ ऊन आत आलं होतं, आणि संजीवनीला वाटलं, ही दुपार अशीच राहावी... संध्याकाळ होऊच नये.

एकदा तिनं विचारलं, "माहा शब्द तू कधीच पुरा नाही करत. काऊन?"

"मले ऐकाचं असते ना," तो म्हणाला. "तू काय म्हणशीन, ते मले थोडीच माहीत हाये!"

सरळच सांगायचं तर, संजीवनी त्याच घडीला प्रेमात पडली. न हलणाऱ्या बोटांसकट.

आणि मार्गशीर्षातल्या एका दुपारी दीपक नवा सदरा घालून हिंमतरावांसमोर उभा राहिला. "काका, मले संजीवनीशी लग्न करायचं हाये."

हिंमतरावांच्या हातातली सुपारी अडकित्त्यातच राहिली. "येडा झाला का बे? हिले सासरी कशी धाडू? हा पलंग, हे यंत्र, नळीनं जेवण, घडीघडी कूस बदलणं... तुह्या आईले झेपन काय?"

"आईले विचारलं. ती म्हणे, आधी पोरीले विचार."

सगळे पलंगाशी आले. संजीवनीकडे उत्तर कधीचं तयार होतं. फक्त ते लांब होतं.

एकेक अक्षर उमटू लागलं. हिंमतराव वाचत गेले, "मी... तुह्या... घरी... येत... नाही." त्यांनी सुस्कारा सोडला. "झालं बाप्पा. पोरगी शहाणी हाये माही."

दीपक, जो कधी घाई करत नसे, त्याला त्या दिवशी थांबवेना. "बरं," एवढंच म्हणून तो दाराकडे वळला.

थांब ना रे! संजीवनी आतल्या आत ओरडली. त्याच्याकडे बघावं तर अक्षर सुटत होतं. अक्षराकडे बघावं तर तो चालला होता. नजर एकच, आणि कामं दोन! तिनं जिवावर उदार होऊन नजर अक्षरांवर रोखली. पावलं ओसरीत गेली... 'तू' उमटलं. 'च' उमटलं...

"थांबा!" रुख्मिणी ओरडली. "दीपक, मागं फिर! पुरं बोलू द्या तिले. डोळे कुठं मिटले तिनं?"

दीपक दारात थांबला. चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला, तरी रुख्मिणी जागची हलली नाही.

शेवटी संजीवनीनं डोळे गच्च मिटले, आणि तो नितळ, शहरी आवाज घरभर घुमला:

"मी तुह्या घरी येत नाही. तूच ये माह्या घरी नांदायले. सासुरवास नाही करणार."

रुख्मिणीनं पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की रडू, देव जाणे. हिंमतराव खिडकीबाहेर बघत, नाक ओढत म्हणाले, "विचार कर बे पोरा. लय बोलते माही पोरगी."

"बोलू द्या, काका," दीपक पलंगाशी येऊन बसला. "मी ऐकाले बसलो हाये."

संजीवनीनं डोळे उघडले. आता एकही अक्षर शोधायचं नव्हतं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.