सतरा जणांचा राजवाडा

नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर चौकशी खिडकीत वाकून सुमेधा जव्हारच्या गाड्यांच्या वेळा विचारत होती, तेवढ्यात तिच्या खांद्यामागून आवाज आला, "मला पण तेच विचारायचंय."

तिनं वळून पाहिलं. उन्हानं रापलेला एक उंच तरुण, बगलेत हेल्मेट, केस डोक्याला चप्प बसलेले. ती वळताच तो दचकून मागं सरला आणि मागच्या माणसाच्या पायावर उभा राहिला. त्याची माफी मागून झाल्यावर त्यानं सुमेधाचीही मागितली. तिला हसू आलं. ते हसू तो जरा जास्तच वेळ पाहत राहिला...

गणपती उठून आठवडा झाला होता. पंचवटीत राहणाऱ्या आणि विम्याच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या सुमेधावर तिच्या आईनं हे काम टाकलं होतं. सरिताताईंनी जव्हारचा राजवाडा मोबाईलवर पाहिला आणि तेव्हापासून त्यांच्या भिशीतल्या नऊही जणींना तो प्रत्यक्ष पाहायचा होता. मागचा तरुण सायखेड्याचा सोमनाथ डेर्ले. निफाडला माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. त्याचे वडील मोतीराम तरुणपणी जव्हारला द्राक्षं घेऊन जायचे. राजवाडा त्यांनी लांबूनच पाहिलेला, आत जायचा धीर कधी झाला नव्हता. आता तिकीट काढून कुणालाही आत सोडतात हे कळल्यावर ते आणि पारावरचे त्यांचे सात मित्र तयारीत बसले होते.

हे सगळं खिडकीतल्या कारकुनानंही ऐकलं. तो म्हणाला, "नऊ आणि आठ सतरा. सतरा सीटांची एक गाडी करा आणि मोकळे व्हा. मागं रांग आहे."

मोकळं होणं काही इतकं सोपं नव्हतं. ठरवाठरवीसाठी दोघं शनिवारी मखमलाबाद नाक्याजवळ मिसळ खायला भेटले. मग पुढच्या शनिवारी, मग त्याच्याही पुढच्या. पितृपक्षात बायका बाहेर पडेनात. नवरात्र झालं तर सायखेड्याला द्राक्षांची छाटणी सुरू झाली. मग दिवाळी आली. धोंडीरामबाबांना घाटात गाडी लागते म्हणून त्यांना पुढची सीट हवी होती, आणि भिशीतल्या गोजराबाईंनी ती आधीच धरून ठेवली होती.

"तुमच्या बायकांना कांदा-लसूण चालत नाही, आमच्या माणसांना त्याशिवाय घास उतरत नाही," सोमनाथ एकदा गंभीरपणे म्हणाला. "म्हणजे परत भेटावं लागणार."

"यात भेटण्यासारखं काय आहे? फोनवर ठरेल."

"ठरेल... पण नीट नाही ठरणार."

सुमेधानं त्याच्या ताटलीतली जिलबी उचलली. "मग शनिवारी," ती म्हणाली.

तारीख पुढं गेली की तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की स्वतःचाच राग यायचा. त्यातच ठाण्याचा एक मुलगा डिसेंबरात तिला पाहायला येणार, असं घरात घाटू लागलं. नाही म्हणायला कारण हवं होतं. कारण होतं, पण ते अजून काही बोललं नव्हतं. ते फक्त गाडीच्या सीटांबद्दल बोलायचं.

शेवटी सरिताताईंचा धीर सुटला. राजवाडा बांधायलासुद्धा एवढे दिवस लागले नसतील, असं म्हणून त्यांनी लेकीच्या फोनमधून नंबर काढला आणि थेट मोतीरामांना लावला. दहा मिनिटांत रविवार ठरला, डबे ठरले, पुढच्या सीटवर जाताना धोंडीरामबाबा आणि येताना गोजराबाई हेही ठरलं. सुमेधा शेजारी बसून ऐकत होती. आता शनिवार संपले, एवढंच तिला कळलं.

रविवारी सकाळी सातला पंचवटी कारंजावर गाडी आली. सायखेड्याची आठ माणसं धुवट टोप्या घालून आत बसली होती. सोमनाथ मोटारसायकलवरून मागोमाग आला. नऊ जणी पैठण्या सावरत चढल्या, आणि सुमेधानं पायरीवर पाय ठेवला तसा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, सतरा झाले. अठरावा माणूस मी घेत नाय."

तीन महिने यादी करणाऱ्यांनी स्वतःला यादीत धरलंच नव्हतं. सरिताताईंनी खिडकीतून लेकीकडं पाहिलं, मग सोमनाथकडं पाहिलं, आणि पदर नीट करत ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.

धुकं अजून उतरलं नव्हतं. रस्त्याकडेला दोघंच उरली.

"मी गाडीवर सोडतो... म्हणजे, तुमची हरकत नसेल तर," सोमनाथ म्हणाला आणि त्यानं हँडलला अडकवलेलं दुसरं हेल्मेट तिच्यापुढं धरलं. ते कोरं करकरीत होतं. वरची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.

सुमेधानं ती चिठ्ठी सोलून काढली आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं.

त्र्यंबक मागं पडल्यावर घाटाच्या तोंडाशी ते चहाला थांबले. बोटं गारठली होती. दोघांनीही गरम पेले दोन्ही हातांत धरले होते, आणि तेवढ्यात सरिताताईंचा फोन आला. सुमेधा भीत भीत म्हणाली, की आम्ही येतोच आहोत.

"सावकाश या," आई म्हणाली. "मोतीरामभाऊ माझ्या शेजारीच बसलेत. ठाण्याला काय कळवायचं तेही मी ठरवलंय. आमचं सगळं बोलून झालंय, तुमचंच राहिलंय. तेवढं वाटेत उरकून घ्या."

आवाज एवढा खणखणीत होता, की सोमनाथला शब्दन् शब्द ऐकू गेला. त्याचे कान लाल झाले. त्यानं चहाचा घोट घेतला, तोंड भाजलं, आणि त्या नादात तो बोलून गेला.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. सतरा सीटा आणि सतरा माणसं. आपल्याला जागा नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही मोठी गाडी केली असती."

सुमेधा खाली बघून हसली.

"आणि तुम्ही?" त्यानं जपून विचारलं. "नऊही जणी पैठणीत... आणि तुम्ही जीन्स घालून, गळ्यापर्यंत जॅकेट लावून. बसमधून जायला एवढं?"

तिनं पेल्यातली वाफ फुंकली. "दुसऱ्या शनिवारी," ती म्हणाली. "दुसऱ्या शनिवारी मोजलं मी."

राजवाडा बंद व्हायच्या आत पोचायला हवं, असं काहीतरी सोमनाथ पुटपुटला आणि उठायला लागला.

सुमेधानं त्याची बाही धरली. तीन महिन्यांत ती त्याच्याशी एकदाही अरे-तुरे करून बोलली नव्हती.

"बस ना रे अजून थोडा वेळ," ती म्हणाली.