राज्यपाल जोडलेले आहेत

सम्यकची आणि माझी ओळख झाली ती मी अभ्यासिकेत आवाज केला म्हणून. त्याने माझ्या आधी केला होता.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमचं बुद्धविहार आहे. खाली वंदना, वर अभ्यासिका, तिच्यावर गच्ची. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षावाले बसतात आणि तिथे नियम एकच – शांतता. तो मोडणाऱ्याला द्रौपदीमावशी काही बोलत नाहीत, कारण बोलल्या तर त्यांनीच नियम मोडल्यासारखं होईल. त्या दाराशी मेथी निवडत बसतात आणि तिथूनच एक बोट वर करतात. म्हणजे गच्चीवर जा आणि कुंड्यांना पाणी घाल. आमच्या गच्चीवरची जास्वंद बारा महिने फुलते ती निव्वळ मुलांच्या खोकल्यावर.

मी तशी शांत मुलगी. पण वाचलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. मागच्या परीक्षेत राज्यघटनेने माझी पार वाट लावली होती. म्हणून यंदा मी कलमांची मालिका लिहिली, ती स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केली आणि कानात घालून बसायला लागले. माझ्या मालिकेत प्रत्येक कलम म्हणजे एक मुलगा होता. कलम चौदा सगळ्यांशी सारखाच वागायचा, त्यामुळे त्याच्यावर कोणी खास जीव टाकत नसे. कलम एकोणीस बोलायचा, मित्र जमवायचा, देशभर कुठेही फिरायचा आणि घरी फोन करायचा नाही.

यातलं एक वाक्य जरी कोणाच्या कानावर पडलं असतं, तर मला पुन्हा तोंड उघडून रेकॉर्ड करणं जमलं नसतं. आणि रेकॉर्ड केलं नसतं तर मी नापास. ही शेवटची परीक्षा, मग अंधेरीतल्या एका कंपनीत मुकाट जायचं, असं मम्मी-पप्पांशी ठरलेलं होतं.

त्या दिवशी लॅपटॉपने पहाटे मला न विचारता अपडेट घेतलं. दुपारी मी इअरबड कानात घातले, प्ले दाबलं, आणि माझा आवाज थेट लॅपटॉपमधून अख्ख्या अभ्यासिकेत घुमला – ‘कलम चौदाने हळूच शर्टाची बाही दुमडली...’

मी झाकण आपटलं. माना वळल्या. मावशींचं बोट वर गेलं.

गच्चीवर एक मुलगा आधीच पाइप धरून उभा होता. उंच, किडकिडीत, चष्म्यावर पाण्याचे थेंब. डिसेंबरातलं ऊन, मऊ, दुधासारखं. मागे डोंगर धुक्यात अर्धा पुसलेला.

“तू कशाबद्दल?” त्याने विचारलं.

“लॅपटॉप बोलला. तू?”

“पोट वाजलं.”

मी दुसरा पाइप घेतला. ओल्या मातीचा वास सुटला. थोडा वेळ आम्ही दोघं आपापल्या गुन्ह्याला पाणी घालत राहिलो.

“खालपर्यंत... म्हणजे वरपर्यंत आलं ऐकू,” तो म्हणाला. “बाही दुमडली वगैरे. काय होतं ते?”

“जाहिरात.”

“कलम चौदाची?”

“हो.”

“सरकार काहीही करतंय यार.” त्याने पाइप खाली ठेवला. “आण, बघू लॅपटॉप. परीक्षेच्या नादाला लागायच्या आधी मी हेच काम करायचो. लोकांना फोनवर सांगायचो, बंद करून चालू करा. पण फार मनापासून सांगायचो.”

उलट्या ठेवलेल्या एका कुंडीवर लॅपटॉप मांडला. ब्लूटूथचं बटण बंद नव्हतं, ते मुळात नव्हतंच. जिथे असायचं तिथे नुसती पांढरी जागा. सम्यकने डिव्हाइस मॅनेजर उघडलं, तर ब्लूटूथच्या नावावर पिवळा त्रिकोण.

“अपडेटने नवा ड्रायव्हर घातलाय,” तो म्हणाला. “हा ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉप आणि ब्लूटूथ यांच्यातला मध्यस्थ. स्थळ चांगलं आहे, पण मध्यस्थच नवा आहे. कोणाचं ऐकतच नाही.”

“मग?”

“मध्यस्थाला काढायचं. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर बाजूला, पॉवरचं बटण जरा वेळ दाबून धरायचं. परत चालू केलं की त्याला वाटतं, काही झालंच नाही.”

“माणसांवर चालतं का हे?”

“माझ्यावर करून बघितलंय. फक्त ऑफिसला उशीर झाला.”

बटण त्याने मला दाबायला लावलं. माझं बोट बटणावर, त्याचं लक्ष माझ्या बोटावर. एवढ्या काळजीने माझ्याकडे शेवटचं कोणी बघितलं होतं ते दाताच्या डॉक्टरांनी.

लॅपटॉप उठला. बटण परत आलं. आजूबाजूच्या इअरबडची यादी उमटली – उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार, नायब तहसीलदार. आमच्याकडे ही पद्धतच आहे. ज्याला जे पद हवं, तेच नाव तो आपल्या इअरबडला देतो. तहसीलदार मी. सगळ्यात खाली लिहिलं होतं, राज्यपाल.

“हे कोण?”

“मी,” सम्यक म्हणाला. “राज्यपालाला परीक्षा नसते.”

चाचणी म्हणून त्याने आधी स्वतःचे इअरबड जोडले, मग माझे. दोन्ही जोडले गेले. मी थँक्यू म्हटलं. तो म्हणाला, “पोटाला सांग. त्याच्यामुळे मी वर आलो.”

दुसऱ्या दिवसापासून विचित्रच सुरू झालं. मी प्ले दाबायचे, पट्टी पुढे सरकायची, पण कानात काही नाही. यादीत बघावं तर तहसीलदार जोडलेले, राज्यपालही जोडलेले. आता राज्यपाल हे नामधारी प्रमुख असतात, हे मी इतक्या वेळा घोकलं होतं की त्यांच्याकडे मी लक्षच दिलं नाही. दोष ड्रायव्हरचा.

सम्यक समोरच्या रांगेत खिडकीपाशी बसायचा. मी हात हलवला की लगेच यायचा. ड्रायव्हर काढायचा, परत घालायचा, आणि चिठ्ठीवर लिहायचा – ‘आता बघ. जरा मोठा भाग लावून बघ.’ मी मोठा भाग लावायचे. शांतता. तिकडे तो जागेवर जाऊन डोळे मिटायचा आणि मधूनच गालातल्या गालात हसायचा. मला वाटायचं, काय समाधानाने अभ्यास करतो हा मुलगा... एकदा तर त्याने चष्मा काढून डोळे पुसले. मी वहीत डोकं घातलं. समोर माणूस रडत असताना बघत बसू नये, असं मला वाटतं, आणि मी बघत बसले होते.

मालिका इतके दिवस माझ्या कल्पनेवर चालली होती. आता ती खिडकीवर चालायला लागली. कलम एकवीस मी त्याच आठवड्यात घरी गोधडीत तोंड घालून रेकॉर्ड केलं. एकवीस म्हणजे जगण्याचा हक्क. माझा एकवीस किडकिडीत होता. चष्म्यावर पाण्याचे थेंब. खिडकीपाशी बसायचा, आणि संध्याकाळी ऊन त्याच्या कानामागून यायचं तेव्हा कान गुलाबी दिसायचे, शेंदरी नाही, गुलाबी... मी हे घटनेसाठी करत होते.

तो भाग अभ्यासिकेत लावला, तर नेहमीसारखंच. कानात काही नाही. मी चिडून तसाच चालू ठेवला. जरा वेळाने स्क्रीन निळी झाली. अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका.

समोर सम्यक खुर्चीतून अर्धा उठला होता. परीक्षेची तारीख पुढे गेल्यावरही कोणाचा चेहरा इतका पडलेला मी पाहिला नव्हता.

या वेळी ब्लूटूथ खरंच गेलं. पिवळा त्रिकोणसुद्धा नाही, नावच गायब. सम्यकने लपलेली उपकरणं शोधली. ड्रायव्हर मागे न्यायचं बटण पुसट झालेलं, दाबलंच जात नव्हतं. पोस्टमनसारखा एकेकाला चिठ्ठी देत, उपाय विचारत तो लॅपटॉप घेऊन अभ्यासिकेभर फिरला. जेवला नाही. पोटही वाजलं नाही, बहुतेक धाकाने. मला भरून आलं. माझ्या अभ्यासासाठी कोण करतं इतकं?

शनिवारी खालच्या हॉलमध्ये गटचर्चा असते. तिथे बोलायला परवानगी आहे. विद्याधर सर मंत्रालयातून निवृत्त झालेत, ते प्रश्न विचारतात. त्यांनी सम्यकला विचारलं, “कलम सतरा?”

सम्यकचं लक्ष भलतीकडेच होतं. तो म्हणाला, “सतरा परवानगी मागत नाही सर. तो पुढच्या दाराने येतो, माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेतो आणि पंख्याखाली बसतो.”

हॉलमध्ये कोणी हललं नाही. समोर बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं. सरांनी तसबिरीकडे पाहिलं. मग म्हणाले, “अस्पृश्यता नष्ट केली आहे, असं लिहायचं. पण हेही खोटं नाही.”

ते वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझं. ते मी गोधडीत म्हटलं होतं.

राज्यपाल नामधारी नव्हते.

वर आल्यावर मी जागेवर बसले आणि स्टीलची बाटली मुद्दाम खाली पाडली. बोट वर गेलं. मी उठले. दाराशी मागे वळून पाहिलं, तर सम्यक माझ्याकडेच बघत होता. त्याला सगळं कळलं होतं. तो उभा राहिला, स्पष्ट आवाजात म्हणाला, “भोपळी मिरची,” आणि खाली बसला.

मावशींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बोट वर केलं.

गच्चीवर मी पाइप चालू केला आणि त्याच्याकडे पाठ केली. ऊन उतरत होतं. कुठल्यातरी बिल्डिंगमध्ये कुकरची शिट्टी झाली, आणि तिला मात्र कोणी गच्चीवर पाठवलं नाही.

“किती ऐकलंस?”

“चौदापासून.”

“आणि मला येड्यासारखं ड्रायव्हर काढायला-घालायला लावत होतास.”

“ड्रायव्हर मीच काढत होतो गं.”

“सम्यक.”

“सॉरी.” तो मनापासून म्हणाला, कुंडीकडे नाही, माझ्याकडे बघत. “पहिल्या दिवशी वाटलं, सांगतो. मग एकोणीस घरी फोन करत नव्हता... मला बघायचं होतं, करतो का. नंतर सांगायची भीती वाटायला लागली. सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस.”

“बंदच होणार आता. मला नाही येणार परत बोलायला. प्रत्येक वाक्याला वाटणार, कोणीतरी हसतंय.”

“मी सतराला रडलो होतो,” तो म्हणाला. “तू बघत होतीस.”

मी एका निवडुंगाला भरपूर पाणी घातलं.

“एकवीस?” मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आला.

“अर्धा. कान गुलाबी होते इथपर्यंत. मग अपडेट आलं.” त्याने कानाला हात लावला. “तेव्हापासून आरशात बघतोय.”

“कलम एकवीसमध्ये खासगीपणाचा हक्क येतो, माहितीये ना? तू एकवीस ऐकून एकवीसच मोडलंस.”

“मग बत्तीस आहे ना तुला. दाद माग.”

“बत्तीस सरकारविरुद्ध असतं.”

“माझ्याविरुद्ध काय आहे?”

“द्रौपदीमावशी.”

तो हसला. मी हसणार नव्हते. त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. “जुना ड्रायव्हर मिळाला. तुझ्या लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर पार तळाशी होता. अपडेट काही दिवस थांबवून हा घातला की चालेल. तू हो म्हणालीस तरच. आणि राज्यपालांना काढून टाकतो आधी.”

“राज्यपाल पदावर किती काळ असतात?”

“राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत.”

“काढ.”

उलट्या कुंडीवर त्याने तो ड्रायव्हर घातला. लॅपटॉप बंद झाला, चालू झाला. बटण आलं, यादी आली. त्याने माझ्यासमोर स्वतःचं नाव निवडलं आणि काढून टाकलं. उरले एकटे तहसीलदार. मी इअरबड घातले आणि एकवीस पहिल्यापासून लावला.

इतक्या दिवसांनी माझा आवाज माझ्या कानात आला. समोर तो उभा होता, हात मागे बांधून, काहीच ऐकू न येणारा. मी त्याच्याबद्दल ऐकत होते आणि त्याच्याकडे बघत होते. चष्मा बरोबर होता. खांदे बरोबर होते. कान जरा जास्तच गुलाबी... ते या वेळी उन्हामुळे नसावं. माझा आवाज वाईट नव्हता. तो ऐकताना मला लाज वाटायची वाट बघत मी उभी राहिले, आणि ती आलीच नाही.

भाग संपला. मी पुढे झाले आणि त्याचं मनगट धरलं.

तो आधी मनगटाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. “हे बावीस आहे,” तो हळूच म्हणाला. “अटक. कारण सांगावं लागतं.”

“लगेच नाही. शक्य तितक्या लवकर.”

“म्हणजे कधी?”

“ए,” खालून जिन्यातून मावशींचा आवाज आला. त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. “पाणी घालायला पाठवलं होतं, पूर आणायला नाही.”

पाइप चालूच होता. पाणी आमच्या चपलांपर्यंत आलं होतं. सम्यकने मनगट न सोडवता, वाकून, दुसऱ्या हाताने नळ बंद केला. त्याला तसं करताना थोडं अवघड गेलं. मी मदत केली नाही.

मग एक इअरबड काढून मी त्याच्या कानात घातला आणि भाग जिथे तुटला होता तिथून सुरू केला. आम्हाला जवळ उभं राहावं लागलं. माझा आवाज दोघांना मिळून सांगत होता – ‘त्याला पाहिलं की तिला अभ्यास सोडून पळावंसं वाटत नाही. उलट अजून थोडं बसावंसं वाटतं. तो उठेपर्यंत. आणि तोही उठत नाही.’

पुढे नुसती खरखर होती. गोधडीची.

डोंगरावर एकेक दिवा लागत होता. मग सम्यकने घसा साफ केला.

“हा भाग अभ्यासक्रमात आहे?”

“नाही.”

“मग लक्षात राहील,” तो म्हणाला.