तिसऱ्या सिलिंडरचा दाब

मामाच्या गाडीचं इंजिन जाम झालं, तेव्हा त्याला गॅरेजच्या कोपऱ्यातलं जुनं इंजिन आठवलं. सहा वर्षं ते ताडपत्रीखाली पडून होतं. दुरुस्त करून बसवण्याजोगं आहे की भंगारात द्यायचं, हे ठरवायला त्याने मला बोलावलं. मी नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते, पान्हे मात्र बाबांनी लहानपणीच हातात दिले होते.

“या, शास्त्रज्ञीणबाई,” मामा दारातूनच म्हणाला. “निकाल लवकर लावा. रोज बसने जाऊन कंबर गेली माझी.”

याच गॅरेजात, हेच इंजिन चालू असताना, बंद शटरच्या आत धुराने बाबा गेले होते. ते आणि मामा भागीदार. शटर अडकलं होतं, असं मामाने सगळ्यांना सांगितलं.

“तुला चालेल हे गाडीत?” मी विचारलं.

“लोखंडाला काय कळतंय.”

सकाळचे अकरा. खोलीचं तापमान एकोणीस अंश. इंजिनाच्या ब्लॉकला तापमापक टेकवला तर सदतीस, जिवंत माणसाच्या अंगाएवढं. दुसरा आणला. सदतीस.

चारही स्पार्क प्लग काढले, बॅटरी जोडली, स्टार्टरने इंजिन फिरवून एकेका सिलिंडरचा दाब मोजला. इतक्या वर्षांत पिस्टनच्या रिंगा चिकटून दाब उतरायला हवा होता. चारही ठिकाणी दाब नव्या इंजिनाएवढा.

बॅटरी सोडवली. मापक तिसऱ्या सिलिंडरवर होता. बटण दाबून काटा शून्यावर आणला.

“ये, बघ.”

मामा एक पाऊल पुढे आला. काटा दोनवर गेला. इंजिन जागचं हललं नव्हतं.

“जरा मागे हो.”

शून्य. या मापकात झडप असते. बटण दाबल्याशिवाय काटा उतरत नाही. मी बटणाला हात लावला नव्हता.

तीनदा करून पाहिलं. एका पावलाला दोन, दोन पावलांना चार. दर वेळी तेच.

“कवायत करून घेतेस काय माझी?” मामा हसला. पण पुढे येईना.

“मामा, त्या दिवशी शटर कुणी ओढलं?”

“सांगितलंय ना, अडकलं होतं.”

काटा टोकाला जाऊन थरथरू लागला.

मामाने तो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

“गेलेल्या माणसाचं काय उकरतेस? इंजिनाचं बोल. दुरुस्तीला काढू की भंगारात देऊ?”

भंगार. त्याला वाचवायला एवढा एक शब्द पुरला असता.

मी हात पुसले.

“दुरुस्तीची गरजच नाही. आजच बसवू. चालव रोज.”

“नक्की?”

“नक्की.”

मामा निर्धास्त झाला. जवळ आला, इंजिनावर थाप मारली आणि हात तसाच ठेवला.

काटा सावकाश शून्यावर उतरला. त्याला आता घाई नव्हती.